गुलाबी ग्रॅव्हल

चहा उकळतोय तोवर सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही हे दळवीच्या तोंडून ऐकाल, आणि दळवीच्या गोष्टीत मी शेवटी रडतो. मी रडलो नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते वासाने.

माझ्या हातून आजवर बरेच घोळ झालेत. साखरपुड्याला चुकीच्या हॉलमध्ये जाऊन जेवून आलेला माणूस आहे मी. पण हा घोळ मी स्वतः शोधला, त्याचा नकाशा काढला, फोटो काढले आणि वर दहा-बाराजणांना तो बघायला घेऊन गेलो. असा घोळ घालायला मेहनत लागते.

तर, पन्नाशी उलटली की माणसाला काहीतरी होतं. कुणी बासरी शिकायला जातो, कुणी गच्चीवर टोमॅटो लावतो. मी ग्रॅव्हल बाइक घेतली.

ग्रॅव्हल बाइक म्हणजे काय, हे आमच्या नीलिमानेही विचारलं होतं. नीलिमा म्हणजे बायको. मी तिला समजावलं, "खडीवर, मातीवर चालवायची सायकल. टायर जाड असतात, हँडल खाली वळलेलं असतं. गाड्याबिड्या नसलेल्या रस्त्यावरून, शेतांच्या बाजूने, निवांत जायचं."

"खडीसाठी वेगळी सायकल कशाला?" ती म्हणाली. "बोरिवलीत कुठे डांबर उरलंय?"

तिचं माहेर मालवणचं. एका वाक्यात माणसाला गार करायची हातोटी तिकडे पाण्यातच असते. तशी मंडळी आमचीही तिकडचीच, कणकवलीची. पण माझा जन्म बोरिवलीचा, वाढलोही इथेच. त्यामुळे गार व्हायची सवय आहे, करायची नाही.

आमचा सायकलवाल्यांचा एक ग्रुप आहे. दर रविवारी पहाटे निघायचं. ग्रुपचा कर्ताधर्ता दळवी. बँकेतून रिटायर झाला, पण बँकेतला रुबाब सायकलवर घेऊन आला. रूट दळवी ठरवणार, थांबायचं कुठे ते दळवी ठरवणार, वडा खायचा की इडली तेही दळवीच ठरवणार. पुढे दळवी, मागे बाकीचे, आणि मग बराच वेळ कुणीच नाही, आणि मग मी. इतका मागे, की ग्रुप फोटोत मी कधी नसायचोच. फोटो काढून, चहा पिऊन मंडळी हेल्मेट घालायला लागली की मी पोचायचो.

"या परब, या," दळवी म्हणायचा. "निघालोच होतो आम्ही."

तुम्ही हसताय. पण दोन वर्षं दर रविवारी हे ऐकून बघा. मला एकदा, फक्त एकदा, सगळ्यांच्या पुढे जायचं होतं. आणि ज्याचा वेग नाही त्याला पुढे जायचा एकच मार्ग असतो. रस्ता त्याच्या एकट्यालाच माहीत असला पाहिजे.

म्हणून मी रस्ता शोधायला लागलो. रोज रात्री जेवताना फोन घेऊन बसायचो आणि आकाशातून दिसणारा नकाशा बोटाने मोठा करून बघायचो. बोरिवलीच्या खाडीपलीकडे, गोराई-मनोरीच्या पट्ट्यात, मला एक कच्ची वाट दिसली. मुख्य रस्ता सोडून तिवरांच्या कडेने जाणारी, मग जुन्या भातखाचरांच्या बांधावरून, मग नारळीतून थेट किनाऱ्यापर्यंत. एक रिक्षा नाही, एक बस नाही, सिग्नल नाही. मुंबईच्या हद्दीत अशी वाट शिल्लक आहे आणि ती दळवीला माहीत नाही, या विचाराने मला त्या रात्री छान झोप लागली.

पुढच्या रविवारी दळवी भाचीच्या लग्नाला गेला होता, त्यामुळे राइड नव्हती. मी एकटाच निघालो. जेटीवर जाऊन सायकलसकट पहिली बोट पकडली. एक गोष्ट लक्षात ठेवा, मला त्या दिवशी भयंकर सर्दी होती. नाक असं चोंदलेलं की श्वास तोंडाने. वर नीलिमाने गळ्यापासून कपाळापर्यंत बाम चोपडला होता. मला जगात त्या दिवशी फक्त निलगिरीचा वास येत होता, तोही आठवणीतून.

पण वाट! काय सांगू तुम्हाला. बांधावरून जाताना दोन्हीकडे बगळे, समोर नारळी, आणि आवाज कसला तर फक्त माझ्या टायरचा. मला स्वतःबद्दल फार आदर वाटायला लागला.

नारळी संपल्या आणि समोर ते दिसलं.

किनाऱ्यालगत सपाट, चोपून केलेली मोकळी जागा होती. आपल्या सोसायटीच्या पार्किंगएवढी. आणि तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गुलाबीसर, बारीक, एकसारखं पसरलेलं ग्रॅव्हल. कोवळ्या उन्हात चमकत होतं. परदेशी सायकलवाल्यांचे व्हिडिओ बघून बघून मी ज्याची स्वप्नं बघितली होती, ते हेच. मला वाटलं शिंपल्यांचा चुरा असणार. समुद्र आहे, शिंपले असणार, त्यांचा चुरा होणार. डोकं कसं चालतं बघा माणसाचं.

शेजारी बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घातले होते. हो, तेही मी पाहिले. तुम्ही म्हणाल, बोंबील दिसले आणि तरीही डोक्यात प्रकाश पडला नाही? नाही पडला. मी म्हटलं, वा, काय वातावरण आहे. आणि बोंबलांचाही एक फोटो काढला.

मग घातली सायकल.

टायरखाली काय आवाज आला म्हणता! कुरकुर, कुरकुर. ताजी कुरडई चावल्यासारखी. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. वळलो, परत आलो. मग लक्षात आलं की व्हिडिओचं बटणच दाबलं नव्हतं, म्हणून पुन्हा एकदा गेलो. मधोमध उभं राहून सायकल डोक्यावर उचलली आणि सेल्फी घेतला. आसपास चिटपाखरू नव्हतं. म्हटलं, इतकी सुंदर जागा आणि कुणाला कदर नाही.

घरी येऊन नीलिमाला फोटो दाखवला. तिने चष्मा वर करून बघितला, "छान," म्हणाली आणि कुकरकडे गेली. मी तो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आपल्या दारातलं गुलाबी ग्रॅव्हल! शून्य ट्रॅफिक. शोध: परब." सोबत नकाशा, व्हिडिओ सगळं.

ग्रुप वेडा झाला. अंगठे काय, टाळ्या काय. एकाने लिहिलं, हे गोव्यात आहे का? एकाने लिहिलं, परब, तुम्ही छुपे रुस्तम निघालात. आणि संध्याकाळी लग्नाच्या मांडवातून खुद्द दळवीचा मेसेज आला: "येत्या रविवारी परबांचा रूट. परब लीड करतील."

परब लीड करतील. ही तीन अक्षरी, तीन शब्दी काय असेल ती ओळ मी आठवडाभर वाचत होतो. जेवताना तर तीच वाचायचो. नीलिमा ताटात काय वाढायची याकडे माझं लक्षच नव्हतं. सोमवारी रात्री भाकरी होती आणि सोबत काहीतरी झणझणीत. पुढचा घास, पुढची कॉमेंट, पुढचा घास.

"भाकरीत कचकच लागतेय गं," मी मध्येच म्हटलं. "गिरणीवाल्याला सांग, जातं टाकवून घे म्हणावं."

"भाकरी बरी आहे," नीलिमा म्हणाली. "गप जेवा."

"चव मात्र झकास आलीय. वाढ अजून."

तिने वाढलं. मंगळवारी वाढलं, बुधवारीही वाढलं. मी मागत होतो, ती वाढत होती. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ती इतक्या प्रेमाने वाढतेय, याचं खरं तर तेव्हाच आश्चर्य वाटायला हवं होतं.

आणखी एक गंमत. माझी सायकल दाराबाहेर पॅसेजमध्ये असते. आमच्या मजल्यावर एक बोका येतो, जो आजवर माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. तो सोमवारपासून सायकलपाशी मुक्कामाला आला. मागच्या चाकाला मिठी मारून झोपायचा. उठला की टायर चाटायचा. बुधवारी त्याने दोन पाहुण्या आणल्या. तिघांनी मिळून टायर असा चकाचक केला की मी धुवायचा कंटाळा केला. याचाही फोटो ग्रुपवर टाकला. लिहिलं, "मुक्या जनावरांनाही चांगली सायकल कळते."

नीलिमा दार उघडून त्या मांजरांकडे बघायची. मग माझ्याकडे बघायची. मग आत जायची.

रविवार उजाडला. मी तयार होतोय तर नीलिमा उठलेली. चहा तयार. माझ्या सायकलिंगसाठी ही बाई पहाटे उठल्याचा हा पहिला प्रसंग.

"किती वाजता पोचाल त्या तुमच्या गुलाबी रस्त्यावर?" तिने विचारलं.

मला भरून आलं. शेवटी हिलाही माझ्या छंदात रस वाटायला लागला. "साडेसात धर," मी म्हटलं.

"टोपी न्या. ऊन लागेल."

"अगं, हेल्मेट आहे की. आणि नऊपर्यंत परत येतो."

"तरी न्या," ती म्हणाली आणि माझ्या पिशवीत तिने कापडी टोपी कोंबली. वर पाण्याची दुसरी बाटलीही कोंबली.

बोटीत मी सगळ्यांना रूटची माहिती दिली. शिंपल्यांचा चुरा लाटांनी कसा घासला जातो, त्याला गुलाबी रंग कसा येतो, असं बरंच काही सांगितलं. कुठून सुचत होतं कोण जाणे. दळवी मुकाट ऐकत होता. पलीकडे उतरल्यावर त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "चला परब, लीड करा."

मी पुढे निघालो. माझ्या मागे दहा-बारा सायकली. मी हळू जात होतो म्हणून सगळे हळू. कुणाची बिशाद नव्हती पुढे जायची, कारण रस्ता कुणालाच माहीत नव्हता. मधूनच मी हात वर करून "डावीकडे!" म्हणायचो आणि मागे सगळे "डावीकडे, डावीकडे" म्हणायचे. त्या अर्ध्या तासासारखं सुख मला माझ्या लग्नातही मिळालेलं नाही. तिथे लीड भटजी करत होते.

नारळी संपल्या. गुलाबी पट्टा समोर होता तसाच चमकत होता. फक्त आज त्याच्याभोवती दोरी बांधली होती, आणि दोरीपाशी एका पालथ्या टोपलीवर एक मावशी बसली होती. कोळीण. साठीची असेल. कासोटा घट्ट, केसात अबोलीचा वळेसर, मांडीवर लांबलचक काठी. आम्ही थांबलो.

"या, या," मावशी म्हणाली. आवाजात नुसता गोडवा. "लांबून आलाव जनू. रस्ता बरा हाय ना रं?"

"एकदम झकास, मावशी," कुणीतरी म्हणालं.

"हितं सायकलवालं कदी कोन येत नाय. कोनी शोधला हा रस्ता?"

आता मी बोलणार, तेवढ्यात दळवी पुढे झाला. "आम्ही सगळ्यांनी मिळून शोधलाय, मावशी. आमचा ग्रुप आहे."

बघा माणसाचा स्वभाव. आठवडाभर मी ज्या क्षणाची वाट बघतोय, तो हा माणूस सगळ्यांत वाटून टाकतोय. मी सायकल नीट उभी करायलाही थांबलो नाही. तशीच आडवी टाकली आणि पुढे गेलो.

"एक मिनिट, दळवी. सगळ्यांनी मिळून नाही. मावशी, हा रस्ता मी शोधलाय. एकट्याने."

"तू?" मावशीने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "एकल्यानं? दुसरा कोन नव्हता?"

"कोणी म्हणजे कोणी नव्हतं. हे बघा, पुरावाच आहे." मी फोन काढला. डोक्यावर सायकल उचललेला तो सेल्फी तिच्यासमोर धरला. "गेल्या रविवारचा. मागे हा पट्टा दिसतोय बघा."

"आनि ह्याच्यावरून गेलास?"

"गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. तीनदा. व्हिडिओ दाखवू? आवाज ऐका फक्त."

दळवी मागून माझा टी-शर्ट ओढत होता. दळवीचं नाक ठणठणीत होतं, त्याला बोटीतून उतरल्यापासूनच शंका आली होती. पण मला वाटलं, जळतोय. सर्दी माझीही आता गेली होती, पण छाती इतकी फुगली होती की वास आत शिरायला जागाच नव्हती.

"आवडला तुला?" मावशीने विचारलं.

"मावशी, अख्ख्या मुंबईत असा सरफेस नाही."

मावशी वाकली. तिने दोरीपलीकडून मूठभर ग्रॅव्हल उचललं, माझा हात धरला आणि तळव्यावर ठेवलं. "आता नीट बघ," म्हणाली.

मी बघितलं. आणि त्या ग्रॅव्हलने माझ्याकडे बघितलं. शेकडो डोळ्यांनी. बारीक, काळे, टाचणीच्या डोक्यासारखे डोळे. ग्रॅव्हलला डोळे नसतात एवढं भूगोलाचं ज्ञान मला होतं. आणि त्याच क्षणी माझं नाक उघडलं.

जवळा होता तो. सुकत घातलेली बारीक कोळंबी.

मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळा ग्रुपच फुटला. माझ्या कानशिलांतून जाळ निघत होता. मावशी मात्र हसली नाही. ओरडलीही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"दोन दिस सुकवला होता," ती म्हणाली. "हातानं परतून परतून. मी टोपली आनाया होडीकडे गेलेली. येऊन बघते तर ही गत. आदी वाटलं गुरं शिरली. मग चाकांची नक्षी बघितली. व्यापारी दुपारी न्यायला येनार होता, त्यानं चुऱ्याला हात लावला नाय."

खरं सांगतो, तेव्हा मला फार वाईट वाटलं. लाज तर वाटलीच, पण त्याहून वाईट वाटलं. कुणाच्या तरी दोन दिवसांच्या कामावरून मी तीनदा गेलो होतो आणि वर टाळ्या घेतल्या होत्या.

"मावशी, चुकलो," मी म्हटलं. "जी काय भरपाई असेल ती देतो."

"भरपाई झाली."

"झाली? कुणी केली?"

"ते तू नको इचारू." तिने मांडीवरची काठी उचलून माझ्या हातात दिली. "मना मानूस पायजे. सून बाजारात गेलीय, आनि कावले लय मातलेत. हा सुकेपर्यंत बस हितं."

मी मदतीसाठी दळवीकडे बघितलं. दळवीच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते त्याला पेन्शन मंजूर झाली तेव्हाही नसेल. "बसा परब, बसा," तो म्हणाला. "आम्ही पुढे जाऊन येतो." मग जरा थांबून म्हणाला, "त्याआधी एक ग्रुप फोटो होऊन जाऊ दे."

अशा प्रकारे दोन वर्षांत पहिल्यांदा मी ग्रुप फोटोत आलो. मधोमध. पालथ्या टोपलीवर बसलेला, डोक्यावर हेल्मेट, हातात काठी. पाठीमागे सगळे दात काढून उभे. नंतर मंडळी दळवीच्या मागून वडे खायला निघून गेली.

कावळे हाकलणं हे सोपं काम आहे असं तुम्हाला वाटत असेल. एकदा करून बघा. कावळा हेल्मेटला घाबरत नाही. उलट तो हेल्मेटवर बसतो. मी या टोकाला धावलो की ते त्या टोकाला उतरायचे. सायकलच्या बुटांना खाली लोखंडी पट्टी असते, त्यामुळे माझी चाल तशी बदकासारखीच. वाडीतल्या बायका बघायला जमल्या. एकीने माझ्या त्या घट्ट काळ्या सायकलच्या चड्डीकडे बघून काळजीने विचारलं, "ही अशीच हाय, की धुवून आटली?"

"अशीच असते," मी म्हटलं.

"अरेरे," ती म्हणाली.

ऊन चढलं. हेल्मेट काढलं तर डोकं तापायला लागलं. तेव्हा पिशवीतली टोपी आठवली. घातली. दुसरी बाटलीही उपयोगी पडली. म्हटलं, काय दूरदृष्टी आहे नीलिमाची.

मावशी झाडूने जवळा खालीवर करत होती. तिने मलाही एक झाडू दिला. थोड्या वेळाने मी जरा ओळख वाढवायला म्हटलं, "मावशी, तसे आम्ही मालवणी हं. कणकवलीचे."

तिचा झाडू थांबला. "मालवनी? आनि जवला ओलखला नाय?"

"म्हणजे, घरी तो डब्यात असतो ना."

"खातोस का?"

"खातो म्हणजे! लहानपणापासून."

"आनि ताटात बघून खातोस, की त्या फोनात बघून?"

मला वाटलं, सहज विचारतेय. मी हसलो. तीही हसली, पण जरा जास्तच वेळ हसली.

दुपारी ऊन डोक्यावर आलं तेव्हा माझी सुटका झाली. तोवर खरं सांगायचं तर मला त्या कामाची गोडी लागली होती. दोन कावळ्यांना तर मी चेहऱ्याने ओळखायला लागलो होतो. निघताना मावशीने केळीच्या पानात बांधलेला जवळ्याचा पुडा दिला. "हा आख्खा हाय," म्हणाली. "बायकोला दे. नि तिला सांग, मानूस कामाचा हाय, फकस्त हलू चालतो."

"तुम्ही कुठे ओळखता तिला?"

"घरी जा रं, उशीर झाला," ती म्हणाली आणि पाठ फिरवून पुन्हा हसायला लागली.

घरी पोचलो. बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. नीलिमाच्या हातात कोकम सरबताचा पेला तयार.

"आलात?" ती म्हणाली. "टोपी उपयोगी पडली ना?"

मी पुडा तिच्या हातात दिला आणि तिथेच पायरीवर बसलो. बोका येऊन माझे बूट हुंगायला लागला. हळूहळू माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. टोपी. बाटली. साडेसात. तिचं ते मांजरांकडे बघणं.

"नीलिमा, तू त्या मावशीला ओळखतेस."

"सुकी मासळी मी तिच्याकडूनच घेते. वर्षानुवर्षं. बोरिवलीच्या बाजारात बसते ती. सोमवारी गेले तर बिचारी रडकुंडीला आलेली. म्हणाली, कोण मेला सायकल घालून गेला माझ्या जवळ्यावर, चाकांची नक्षी उमटलीय. मला तुमचा तो फोटो आठवला. मी म्हटलं, मावशी, तो मेला आमचाच."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. पण तुम्ही फोनातून डोकं वर काढाल तेव्हा ना. मग मी आणि मावशीने ठरवलं. ती विचारत होती, एवढ्या हेल्मेटवाल्यांत ओळखू कसा? मी म्हटलं, ओळखायची गरज नाही. नुसतं विचारा, हा रस्ता कोणी शोधला. तो आपणहून पुढे येईल. दुसऱ्या कुणी नाव घेतलं तर भांडून येईल."

मी तिच्या हातातला पेला घेतला. सरबताचा घोट घेतला. मग आठवलं. "आणि भरपाई झाली, असं ती म्हणाली. ती कुणी केली?"

"मी केली. व्यापाऱ्याने टाकलेला तो सगळा चुरा मी घेतला. पुऱ्या भावाने. चाळला, निवडला, सात पाण्यांतून काढला, तरी थोडी वाळू राहिलीच."

"सगळा चुरा? एवढ्या जवळ्याचं केलंस काय तू?"

नीलिमा स्वयंपाकघराच्या दारात थांबली. वळली. आणि तिच्या त्या मालवणी थंड आवाजात म्हणाली, "सोमवारपासून खाताय की. रोज मागून मागून."

तर असं आहे. सायकलवाले जगभर रूट चालवतात, रूट जगतात म्हणे. मी माझा रूट खाल्ला. भाकरीबरोबर, आठवडाभर, आणि वर कचकच लागते म्हणून बिचाऱ्या गिरणीवाल्याला नावं ठेवली.

झाला वाटतं चहा. सोबत ही जवळ्याची वडी घ्या ना. घ्या हो, संकोच करू नका, डबा अजून अर्धा भरलेला आहे आणि नीलिमा म्हणते संपेपर्यंत दुसरं काही मिळणार नाही. जरा कचकच लागेल. तेवढं माझं योगदान आहे.